कृष्णाकाठची गंगा : गुन्हेपटाच्या ट्रेलरमधील स्थळ, वर्ग आणि लक्षणा

संस्कृत साहित्यशास्त्रात लक्षणेचे जे उदाहरण पिढ्यान्‌पिढ्या दिले जाते ते एका स्थळाचे उदाहरण आहे, ही गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. गंगेवर गौळवाडा वसला आहे, असे कोणी म्हटले की प्रवाहावर वस्ती असणे अशक्य असल्यामुळे मुख्यार्थाचा बाध होतो आणि ‘गंगा’ या शब्दाचा अर्थ ‘गंगेचा काठ’ असा घ्यावा लागतो. मग वक्त्याने सरळ ‘काठ’ असेच का म्हटले नाही? कारण गंगेचे शैत्य आणि पावित्र्य त्याला त्या वाडीवर आरोपित करायचे असते. मम्मटाने या प्रयोजनाला व्यंग्य मानले आणि त्यासाठी व्यंजना ही स्वतंत्र शक्ती स्वीकारावी लागते असा आग्रह धरला. काव्यशास्त्रातील हा वाद येथे पुन्हा उकरून काढण्याचे कारण इतकेच, की अडीच-तीन मिनिटांच्या चित्रपट-झलकेत स्थळ नेमके याच रीतीने बोलते. तेथे वस्तीचे वर्णन करायला अवकाश नसतो. एक घाट, एक वाडा, एका चाळीची गॅलरी क्षणभर दिसते आणि तेवढ्यात प्रेक्षकाला माणसाची ऐपत, त्याची सत्ता आणि त्याच्या वाट्याला येऊ शकणारे मरण या सर्वांचा बोध व्हावा अशी अपेक्षा असते.

जेरार जेनेत याने १९८७ साली ग्रंथाच्या उंबरठ्यांचा विचार मांडला. शीर्षक, प्रस्तावना, मलपृष्ठ, जाहिरात ही सारी संहितेच्या बाहेर राहून संहितेचे वाचन नियंत्रित करतात, असे त्याचे प्रतिपादन होते. चित्रपटाचा ट्रेलर हा असाच उंबरठा होय. लिसा कर्नन यांनी २००४ मध्ये हॉलीवूडच्या ट्रेलरांचा जो अभ्यास प्रसिद्ध केला त्यात चित्रप्रकार, कथा आणि तारांकित नट अशी तीन आवाहने प्रमुख मानली आहेत. स्थळाला तेथे स्वतंत्र आवाहनाचा दर्जा नाही. भारतीय गुन्हेपटाच्या बाबतीत मात्र ही मांडणी अपुरी पडते. येथे चित्रप्रकार ओळखू येतो तोच मुळी स्थळावरून. नट तोच असला तरी तो समुद्रकाठच्या उंच इमारतीच्या पार्श्वभूमीवर उभा आहे की घाटाच्या पायऱ्यांवर, यावर चित्रपट कोणत्या जातकुळीचा हे ठरते. या विधानाची कसोटी पाहण्यास सातारा जिल्ह्यातील वाई आणि मेणवली यांच्याइतके सोयीचे उदाहरण दुसरे नाही.

मराठी अभ्यासकाच्या दृष्टीने वाई म्हणजे प्राज्ञपाठशाळा, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी, ‘नवभारत’ आणि मराठी विश्वकोश. भाविकांच्या लेखी ती दक्षिण काशी. हिंदी चित्रपटाच्या प्रेक्षकाच्या लेखी मात्र वाईला नाव नाही. प्रकाश झा यांच्या ‘मृत्युदंड’ (१९९७) आणि ‘गंगाजल’ (२००३) या चित्रपटांत ती बिहार आहे, विशाल भारद्वाज यांच्या ‘ओंकारा’त (२००६) तिचा काही भाग उत्तर प्रदेश आहे, ‘दबंग’मध्ये (२०१०) ती लालगंज आहे. आशुतोष गोवारीकर यांच्या ‘स्वदेस’मध्ये (२००४) मेणवली चरणपूर झाली, पण तो गुन्हेपट नव्हे. एकच नदी, तेच घाट आणि दर वेळी दुसरे नाव. या नामांतरांमध्ये एक सातत्य आहे. गाव कुठलेही असो, ते उत्तरेतील, अर्धनागर, कायद्याच्या कक्षेबाहेर गेलेले आणि मुंबईच्या दृष्टीने मागासलेले असते.

‘गंगाजल’चा विचार थोडा विस्ताराने करणे अगत्याचे आहे. १९७९-८० मध्ये बिहारात भागलपूर येथे पोलिसांनी कैद्यांचे डोळे फोडून त्यांत आम्ल ओतल्याची जी प्रकरणे घडली त्यांची छाया या चित्रपटावर आहे आणि त्या आम्लाला मिळालेल्या नावावरूनच शीर्षक आले आहे. शीर्षकातील गंगा ही अशी मुळातच विपरीत लक्षणेची गंगा आहे. पावित्र्याच्या जागी दाहकता आली आहे. त्यावर ही गंगा दाखवणारे पाणी आहे कृष्णेचे. म्हणजे ‘गंगा’ या शब्दाचा बाध दोनदा होतो, एकदा अर्थाच्या पातळीवर आणि एकदा भूगोलाच्या. शास्त्रातील गौळवाडा निदान गंगेच्याच काठी होता.

ही अदलाबदल प्रेक्षकाला खटकत नाही, याचे उत्तर ट्रेलरच्या लयीत आहे. भागलपूरचा प्रदेश गंगेच्या मैदानात मोडतो. नदीचे पात्र रुंद, काठ मातीचे, बांधकाम विटांचे. वाईची कृष्णा अरुंद आहे, तिचे घाट काळ्या दगडाचे आहेत आणि मुख्य म्हणजे तिच्या पाठीशी सह्याद्रीचे सपाट माथ्याचे डोंगर उभे आहेत. मैदानी बिहारात पांडवगडासारखा डोंगर असणे शक्य नाही. संपूर्ण चित्रपट पाहताना हा डोंगर कधीतरी चौकटीत शिरतो आणि जाणत्या प्रेक्षकाला विसंगती जाणवते. ट्रेलरमध्ये मात्र दृश्य सेकंद-दोन सेकंदांचे असते. डोळा पायऱ्या, गर्दी आणि खाकी गणवेश एवढेच टिपतो, क्षितिज टिपत नाही. मुख्यार्थाचा बाध होण्यास जेवढा वेळ लागतो तेवढाही वेळ न देता लक्ष्यार्थ गळी उतरवणे, ही ट्रेलरची खास पद्धत आहे. शास्त्रकारांच्या लक्षणेत श्रोता बाध ओळखून मग अर्थ बदलतो. येथे बाध ओळखलाच जाऊ नये अशी व्यवस्था आहे.

यावर आक्षेप घेतला जाईल की हा सारा सोयीचा प्रश्न आहे. मुंबईहून एका दिवसात चमू पोचतो. २००२ पासून द्रुतगती मार्गाने पुण्यापर्यंतचा प्रवास आणखी सुकर झाला. पसरणीचा घाट चढला की पाचगणीला नटमंडळींच्या मुक्कामाची व्यवस्था आहे. नदी, वाडा, बाजारपेठ आणि शेत एका फेरफटक्यात मिळतात. हे सर्व खरे आहे आणि निर्मात्याच्या हिशेबवहीत यापलीकडे काही लिहिलेले नसेल हेही मान्य करता येईल. परंतु हिशेबाने निवडलेली गोष्टही पडद्यावर आल्यावर हिशेबापुरती राहत नाही. सोयीने फार तर वाई का, एवढे उमगते. वाईतील नेमके काय दाखवले जाते आणि काय वगळले जाते, याचे उत्तर सोयीतून निघत नाही.

वाईच्या वस्तीची रचना पाहिली तर हे वगळणे ध्यानात येते. गावात घाट एक नाही. गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह, भीमकुंड अशी घाटांची आणि वस्त्यांची नावे आहेत आणि कृष्णामाईचा उत्सव त्या त्या घाटावर स्वतंत्रपणे होतो. कृष्णाकाठच्या माणसाला आळीचे नाव सांगितले की घराणे, व्यवसाय आणि बहुधा जातही कळते. (गंगापुरी हे नावच सांगते की कृष्णेला गंगा म्हणण्याची लक्षणा वाईकरांनी चित्रपटवाल्यांच्या कितीतरी आधी केली होती, मराठीत कोणत्याही नदीला गंगा म्हणण्याची रीत आहेच.) ट्रेलरमधला घाट मात्र ‘घाट’ या सामान्यनामाला उतरलेला असतो. त्यावरची गर्दी म्हणजे निव्वळ गरीब, निव्वळ भयभीत, निव्वळ उत्तर भारतीय. वर्ग दिसतो, पण वर्ग ज्या जातिरचनेतून घडला ती पुसली जाते.

वाड्याच्या बाबतीत हे रूपांतर अधिक सूक्ष्म आहे. मेणवलीचा वाडा नाना फडणविसांचा, म्हणजे राज्याचा जमाखर्च आणि पत्रव्यवहार सांभाळणाऱ्या मुत्सद्द्याचा. त्याचे स्थापत्य कारभाऱ्याचे आहे, एकामागून एक चौक, कचेरी, देवघर आणि मागे नदीकडे उतरणारा घाट. या जातीचा वाडा हिंदी गुन्हेपटात आला की तो जमीनदाराची हवेली होतो. चौकात कागद हाताळणाऱ्या कारकुनांऐवजी बंदूकधारी उभे राहतात. लेखणीची सत्ता बंदुकीच्या सत्तेत रूपांतरित होते आणि या दोन सत्तांमधला फरक, जो महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासातील एक मोठा प्रश्न आहे, तो नाहीसा होतो. मेणवलीच्या घाटावर वसईच्या १७३९ च्या विजयानंतर आलेली पोर्तुगीज घंटा टांगलेली आहे. चर्चची वस्तू देवळाची झाल्याचे हे उदाहरण त्या घाटावर आधीपासूनच उभे आहे. फरक एवढाच, की ती घंटा कोठून आली हे गाव विसरलेले नाही.

‘ओंकारा’ हा या बाबतीत काहीसा अपवाद ठरतो, पण तोही बोधप्रद आहे. शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’तील वर्णभेदाच्या जागी भारद्वाज यांनी जन्माची उच्चनीचता आणली, नायक अर्धा ब्राह्मण आहे आणि हे संवादांतून निःसंदिग्धपणे सांगितले जाते. तथापि, जात येथे येते ती भाषेतून, बोलीतून. स्थळ तिच्याविषयी मौन पाळते. नायकाची मातृकुळी कोणत्या वस्तीत राहत होती हे दृश्यांतून कळत नाही. स्थळाकडून अपेक्षा आहे ती केवळ ‘बाहुबली राजकारणाचा मुलूख’ एवढे सांगण्याची आणि ते काम वाई परिसरातील दगड निमूटपणे करतात.

मराठी साहित्याने स्थळाचा हा वापर चित्रपटाच्या आधी आणि वेगळ्या रीतीने केला होता. भाऊ पाध्ये यांचे ‘वासूनाका’ (१९६५) आणि नामदेव ढसाळ यांचे ‘गोलपिठा’ (१९७२) या दोन्ही पुस्तकांची शीर्षके मुंबईतील ठिकाणांवरून आली आहेत. दोन्हींच्या बाबतीत ठिकाणाचे नाव उच्चारताच सभ्य वाचकाला जो संकोच वाटे तोच लेखकाच्या कामाचा होता. येथेही लक्षणा आहे. परंतु नाव टिकून आहे. गोलपिठ्याला दुसरे कोणतेही शहर म्हणून खपवता येत नाही. विशेषनाम टिकणे आणि सामान्यनाम होणे यांतील अंतर हेच साहित्यातील स्थळ आणि ट्रेलरमधील स्थळ यांतील अंतर होय.

या संदर्भात अण्णाभाऊ साठे यांच्या ‘फकिरा’चे (१९५९) स्मरण अपरिहार्य आहे. साठे वाळवा तालुक्यातील वाटेगावचे. तो भाग आज सांगली जिल्ह्यात आहे. १९४९ मध्ये दक्षिण सातारा या नावाने वेगळा झालेला जिल्हा १९६० मध्ये सांगली या नावाने ओळखला जाऊ लागला. वारणेच्या खोऱ्यातील फकिराची कथा एका अर्थाने गुन्ह्याचीच कथा आहे. दरोडा, पाठलाग, हजेरी हे गुन्हेपटाचे सारे घटक तीत आहेत. पण गुन्हेगार कोण हे तेथे कृतीवरून ठरत नाही. ब्रिटिशांच्या १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या परंपरेने काही समाजांवर जन्मतःच गुन्ह्याचा शिक्का मारला आणि त्यांच्या वस्त्यांवर हजेरीची सक्ती आणली. म्हणजे राज्ययंत्रणा स्वतःच ठिकाणावरून माणूस वाचत होती. मांगवाडा हे पोलिसी दप्तरातील एक चिन्ह होते. साठ्यांनी हे चिन्ह उलटे वाचले. वस्तीच्या आतून गावाकडे पाहिले. आजचा ट्रेलर झोपडपट्टीवरून कॅमेरा फिरवून ‘येथे गुन्हेगार जन्मतात’ असे सुचवतो तेव्हा त्याचे वाचन साठ्यांच्या जवळचे असते की हजेरी घेणाऱ्या फौजदाराच्या, हा प्रश्न समीक्षेने विचारावयास हवा. उत्तर बहुतेक वेळा फौजदाराच्या बाजूने जाते.

नागर गुन्हेपटाकडे वळले की सातारा आणि सांगली पुन्हा भेटतात, पण स्थळ म्हणून नव्हे, माणसे म्हणून. गिरणगावची वस्ती कोकणाइतकीच घाटावरच्या जिल्ह्यांतून आली. माथाडी कामगारांत सातारा जिल्ह्याचा वाटा मोठा. त्यांच्या लढ्यातून १९६९ चा कायदा आला आणि त्याचे अध्वर्यू अण्णासाहेब पाटील हे पाटण तालुक्याचे होते. मुंबईत या माणसांचे राहणे गावकीच्या खोल्यांतून होते. एका गावचे पुरुष एका खोलीत, पाळीपाळीने झोपणारे, खानावळीत जेवणारे. चाळ बाहेरून एकसारखी दिसत असली तरी आत तालुक्यांचा नकाशा मांडलेला होता. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपाने हा नकाशा विस्कटला. त्यानंतरच्या गुन्हेपटांत चाळ ही श्रमाची जागा राहिली नाही. ती नोकरी नसलेल्या मुलांची जागा झाली.

गोविंद निहलानी यांच्या ‘अर्धसत्य’मध्ये (१९८३), ज्याचा आधार श्री. दा. पानवलकर यांची ‘सूर्य’ ही कथा आहे, फौजदार वेलणकर याच्यामागे गाव आहे, गावात पोलीस असलेला बाप आहे. त्याचा वर्ग प्रवासातून उमगतो. रामगोपाल वर्मा यांच्या ‘सत्या’त (१९९८) नायक कोठून आला हे सांगितलेच जात नाही, आणि समुद्रकाठच्या खडकावर उभा राहून शहरावर हक्क सांगणाऱ्या भिकू म्हात्रेला शहरापलीकडे गाव असल्याचे जाणवत नाही. पंधरा वर्षांत गाव गळून पडले. महेश मांजरेकर यांच्या ‘वास्तव’मध्ये (१९९९) चाळ आहे, आणि जयंत पवार यांच्या ‘अधांतर’ नाटकावर आधारलेल्या ‘लालबाग परळ’मध्ये (२०१०) तर संपच आहे, तो चित्रपट गिरणगावाला त्याच्या नावाने हाक मारतो ही त्याची मोठीच जमेची बाजू. परंतु नाटकाच्या बंद खोलीत कुटुंबाच्या कोंडीचे जे भान होते ते पडद्यावर आल्यावर हिंसेच्या दृश्यांपुढे फिके पडते.

२००९ मध्ये वांद्रे-वरळी सागरी सेतू खुला झाला आणि ट्रेलरांना एक नवे उपमान मिळाले. सेतूच्या तारा, काचेची इमारत, आकाशातून टिपलेले शहर म्हणजे श्रीमंती. जिना, नळ आणि गॅलरी म्हणजे गरिबी. वर्गाची ही मांडणी उंचीवर आधारलेली आहे. वरचे वर, खालचे खाली आणि मध्ये गुन्हेगाराची चढण. ज्या अक्षावर सातारा-सांगलीचा माणूस मुंबईत आला तो अक्ष आडवा होता, गावापासून शहरापर्यंतचा, एस. टी. आणि रेल्वेचा. उभ्या मांडणीत त्याला जागा नाही. तो चाळीत सापडतो, पण चाळीत कसा आला हे चौकट सांगत नाही.

प्रवीण तरडे यांच्या ‘मुळशी पॅटर्न’ने (२०१८) हा आडवा अक्ष परत आणला, हे त्या चित्रपटाचे खरे महत्त्व. जमीन विकलेल्या कुटुंबाचा मुलगा पुण्याच्या गुन्हेगारीत शिरतो, आणि शेत ते बंगला हे अंतर एकाच जमिनीवर घडते. शेतच बंगल्याखाली गेलेले असते. येथे स्थळ वर्ग सुचवत नाही, तर वर्गाचे कारण होते. शिवाय शीर्षकातच तालुक्याचे नाव आहे. पुढे या चित्रपटाने गुन्हेगाराला जे वलय दिले त्याबद्दल शंका घेता येतील आणि त्या घ्याव्यातच. तथापि स्थळाच्या वापरापुरता तो ‘गंगाजल’च्या नेमका विरुद्ध टोकाला उभा आहे. मुळशी मुळशीच राहते.

असा चित्रपट सांगलीच्या वाट्याला का आला नाही, हा कुतूहलाचा विषय आहे. साखरपट्ट्यातील सत्तेची गुन्हेकथा मराठीत झाली नाही असे नाही. विजय तेंडुलकरांची पटकथा आणि जब्बार पटेल यांचे दिग्दर्शन लाभलेला, १९७५ च्या बर्लिन महोत्सवात गेलेला ‘सामना’ ही तीच कथा आहे. हिंदुराव धोंडे पाटील या साखरसम्राटाची ऐपत कारखाना, बंगला आणि वाटेल तेथे हजर होणारी माणसे यांतून सिद्ध होते. एका बेपत्ता माणसाविषयी मास्तर जो एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतो त्याने त्या साऱ्या स्थावर मालमत्तेचा पाया हलू लागतो. पण त्या गावालाही नाव नव्हते, आणि तेव्हा ते न देण्यात शहाणपण होते. सहकाराच्या मुलखात नाव घेणे म्हणजे कोणत्या तरी चेअरमनचे नाव घेणे. उत्तरेतील गाव वाईत उभारणे निर्धोक असते; वाई किंवा वाळवा स्वतःच्या नावाने उभारणे तितके निर्धोक नसते. परक्याच्या गुन्ह्याला जागा देणारी भूमी स्वतःच्या गुन्ह्याविषयी गप्प राहते, यामागे केवळ सौंदर्यदृष्टी नाही.

विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सांगलीत ‘सीतास्वयंवर’ सादर केले तेव्हा स्थळ उभे करण्याची जबाबदारी मुख्यतः सूत्रधाराच्या शब्दांवर आणि प्रेक्षकाच्या संमतीवर होती. जनकाची मिथिला सांगलीत आहे हे सर्वांना ठाऊक असूनच खेळ चालत असे. ट्रेलरला ही संमती नको असते. तरीही ती पूर्णपणे टाळता येत नाही, कारण वाईत चित्रीकरण झाले की गर्दीत गावचीच माणसे उभी राहतात. सातारा किंवा सांगलीच्या चित्रपटगृहात बसलेल्या प्रेक्षकाला घाटाच्या पायऱ्या ओळखू येतात, कधी एखादा चेहराही. पडद्यावर तो चेहरा बिहारचा भयग्रस्त गरीब असतो. बाजूच्या खुर्चीवरच्या माणसाला मात्र ठाऊक असते की तो अमक्या आळीतला आहे, त्याचे दुकान कोठे आहे, आणि त्या दिवशी दुकान बंद ठेवून तो तेथे उभा राहिला होता.